तळ्याकाठी उतरायची सोय

रविवार, ७ नोव्हेंबर १९७१. पिंपळदरा.

आज भोईवाडीत बोललो. शेवटी बायकासुद्धा टाळ्या वाजवत होत्या.

मुद्दा साधा होता. पुण्याहून, नगरहून सुटीच्या दिवशी गळ घेऊन माणसं या तलावावर येतात. सुप्याला एस.टी.तून उतरतात, मिळेल त्या बैलगाडीने इथवर पोचतात, आणि मुक्कामाला जागा नाही. पाटबंधारे खात्याचा बंगला अंमलदारांसाठी. उरलं मारुतीचं देऊळ. पलीकडच्या काठावर श्रीमंत वाबळे नावाच्या बागाईतदाराने राहुट्या ठोकल्या आहेत, आणि आता खात्याकडे सगळा काठ भाडेपट्ट्याने मागितला आहे. सगळा काठ म्हणजे भोईवाडीसुद्धा. घरं या लोकांनी बांधली, पण कागदावर जमीन खात्याची. पट्टा वाबळ्याला मिळाला की वाडी उठली. मी खात्याच्या साहेबांना भेटलो तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या मच्छीमार सोसायटीनं पाहुण्यांची सोय करून दाखवावी. फेब्रुवारीत येऊन पाहतो. बरी वाटली तर पट्टा सोसायटीला."

म्हणून मी आज म्हणालो, राहुट्या कशाला? घरं आहेत! पाहुणा भोयाच्या घरात उतरू दे. जो माणूस तुमच्या छपराखाली एकदा झोपला, तो तुम्हाला पुन्हा हलकं समजणार नाही. परिषदांचे हजार ठराव करणार नाहीत ते एक पाहुणघर करील. बोलताना माझ्याच अंगावर काटा आला.

सभा उठताना सोसायटीचा चेअरमन बन्सी याची बायको, रतनबाई, म्हणाली, "मास्तर, तुमी आज कुठं उतरलाय?"

मी म्हणालो, "बंगल्यावर. रखवालदार ओळखीचा आहे, आणि माझे कागदपत्र तिथे आहेत ना."

सगळे हसले. मोकळी, प्रेमळ माणसं आहेत. पण परतताना ते हसणं उगीच कानात राहिलं.

रविवार, १४ नोव्हेंबर.

रतनबाईच्या घराची पुढची खोली पाहुण्यांसाठी ठरली, शिवाय आणखी दोन घरांतल्या. सारवून झालं, चुना मारून झाला. बन्सीची आई बनुबाई पुढच्या खोलीत असायची. तिची बाज मागे शेळ्यांच्या छपरात हलवली. म्हातारीने कुरकुर केली नाही. समाजासाठी झीज सोसण्याची या लोकांची तयारी पाहून भरून येतं.

मी ओसरीवर बसून नियम केले. आत गेलो नाही. जाळ्यांचा आणि सुकटीचा दर्प असा की माझं डोकं धरतं. पाहुण्यांची भांडी वेगळी. पाण्याचा माठ वेगळा, घरच्यांनी त्याला हात लावायचा नाही. आणि पाहुणे असतील त्या दिवशी त्या घरात मासे शिजवायचे नाहीत. यात शिवाशिवीचा लवलेश नाही. मी जानवं बेचाळीस सालीच तोडलं. पण पांढरपेशा माणूस एका उडीत बदलत नाही, त्याला पायरीपायरीनं आणावं लागतं. स्वच्छता दिसली की तो येईल.

रतनबाई म्हणाली, "मासं धराया येनार, आन् मासं खानार न्हाईत?"

"खातील. आपापल्या घरी नेऊन."

"आन् आमी?"

"तेवढे दोन दिवस, रतनबाई. एका मोठ्या गोष्टीसाठी."

"म्हंजी आमच्या घरात आमीबी पाव्हनंच म्हना की."

बन्सी तिच्यावर खेकसला. "गप ए. मास्तर शिकल्यालं मानूस हाय." हात वर झाले, नियम मंजूर. कुणी विरोध केला नाही. मात्र हात वर करताना माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, असं आपलं मला वाटलं.

इथे मला चहा विचारत नाहीत. सुरुवातीला दोनतीनदा मी पित्तामुळे नको म्हणालो होतो, ते यांनी कायमचं लक्षात ठेवलं. एवढी समज शहरात सापडायची नाही. बायकोने, अंबिकेने, दिलेल्या दशम्या बंगल्यावर येऊन खाल्ल्या. दुधातल्या असल्याने टिकतात, प्रवासाला बऱ्या.

रविवार, २८ नोव्हेंबर.

पहिले पाहुणे आले! पुण्याचे तिघे, त्यांतले एक डॉक्टर. दुपारी त्यांनी हातभर लांबीची मरळ धरली. डॉक्टर लहान मुलासारखे धावत आले आणि मासा रतनबाईच्या हातात देऊन म्हणाले, "वहिनी, होऊन जाऊ द्या झणझणीत!"

मला मध्ये पडावं लागलं. नियम समजावून सांगितला. ते म्हणाले, "अहो, पण आम्हाला चालतं. आवडतं." मी म्हणालो, प्रश्न तुमच्या आवडीचा नाही, तत्त्वाचा आहे. कोणतं तत्त्व, असं त्यांनी विचारलं. मी सविस्तर उत्तर दिलं. तोवर रतनबाई मासा हातात घेऊन उभी होती. पाहत होती ती डॉक्टरांकडे नाही, माझ्याकडे.

पिठलं, भाकरी, वांग्याची भाजी. जेवण स्वच्छ, ताटं लखलखीत. ते जेवत असताना मी समोर बसून समतेवर बोललो. मी स्वतः जेवलो नाही, बंगल्यावर सांगून आलो होतो. मग ते तिघे शतपावलीला म्हणून निघाले. मरळ ओल्या गोणपाटात गुंडाळून बरोबर नेली, ताजी राहावी म्हणून असेल. बांधावरून पलीकडे गेले ते बऱ्याच वेळाने गात परत आले. तोंडाला दारूचा वास आणि बोटांना मसाल्याचा.

शरम वाटली. त्यांची.

गुरुवार, ९ डिसेंबर. नगर.

युद्ध. गावात काळोख, खिडक्यांना काळे कागद. तळ्यावर कोण जाणार? इथे रोज सभा आहेत, घसा बसला आहे.

अंबिकेने लिंबाच्या लोणच्याची बरणी काढून ठेवली. म्हणाली, "पुढल्या खेपेला रतनबाईंना न्या. इतक्या वेळा त्यांच्याकडे उतरता, रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही."

बंगल्यावर उतरतो हे मी तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय आहे? पण सांगितलं नाही हे खरं. बरणी पिशवीत ठेवताना तिच्याकडे पाहवलं नाही.

रविवार, १६ जानेवारी १९७२. पिंपळदरा.

पाहुणघरं रिकामी. महिन्यात एक गृहस्थ आले, तेही बायकोला मासे चालत नाहीत म्हणून. पलीकडे राहुट्या भरलेल्या. इथून माणसं मोजता येतील इतकी गर्दी.

बांधावर वाबळे भेटला. माणूस दिसायला रुबाबदार, बोलायला गोड. "या, गंधे सर. तुमचं भाषण मी हिकडून ऐकलं. पान्यावरून आवाज येतो. एक नंबर!"

मी म्हणालो, "तुम्ही या गरिबांची घरं उठवायला निघालात."

"म्या? सर, म्या राहुटी टाकली. मानूस मासं धराया येतो, त्याला तुमी वांगं घालता. वाडी म्या उठवतोय का तुमी?"

मी त्याला चांगलं सुनावलं. जमीनदारी, नफेखोरी, दारू. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला, "आमच्यात रांधतं कोन ठाव हाय का? तुमच्याच वाडीची भीमाबाई. पाव्हनं तिच्या हाताचं नाव काढत येत्यात."

भीमाबाई म्हणजे रतनबाईची विधवा जाऊ, बन्सीच्या थोरल्या भावाची बायको. तिचं घर आपल्या तीन पाहुणघरांतलंच. सोसायटीची सभासद! सभासद असून शत्रूच्या चुलीपुढे बसते. आम्ही का हरतो आहोत ते आज कळलं.

रविवार, २३ जानेवारी.

सभा घेतली. भीमाबाईला उभं केलं.

मी विचारलं, "तुम्ही सोसायटीच्या सभासद आहात की वाबळ्याच्या नोकर?"

ती थोराड, सावकाश बोलणारी बाई. म्हणाली, "दोनी."

लोक हसले. माझा पारा चढला. फितुरी हा शब्द मी वापरला. आपल्या माणसांच्या पोटावर पाय देऊन धन्याचं ताट वाढणारे हात, असं म्हणालो. यापेक्षाही वाईट म्हणालो, ते लिहीत नाही.

ती म्हणाली, "मास्तर, तितं लोक माझ्या हातचं खात्यात. बोटं चाटत्यात. हितं माझ्या सोताच्या घरात माझ्या भांड्याचा तुमास्नी विटाळ हुतो. मग म्या कुठं रांधू?"

क्षणभर सभा गप्प झाली. तो क्षण मी जाऊ द्यायला हवा होता. पण मला अशा क्षणांची सवय आहे. कुठे पकडायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा ते मला ठाऊक आहे. मी बोललो. शेवटी भीमाबाईचं नाव सोसायटीतून कमी करण्याचा ठराव एकमताने झाला. बन्सीनेही हात वर केला. सख्ख्या भावजयीविरुद्ध! तत्त्वनिष्ठा याला म्हणतात.

तिने पदर खोचला आणि होडीकडे निघून गेली.

सोमवार, २४ जानेवारी. नगर.

जिंकलो. मग बरं का वाटत नाही? वर्गात शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभा राहिलो. मुलं खुसपुसायला लागली तेव्हा भानावर आलो.

रविवार, ३० जानेवारी. पिंपळदरा.

या खेपेला अंबिका आली. हट्टाने. सुप्याला उतरलो तेव्हापासून विचारत होती, "रतनबाईंचं घर किती लांब?" मी म्हणालो, आधी बंगल्यावर सामान टाकू. ती म्हणाली, "बंगल्यावर का?" मला सांगावं लागलं.

सामान टाकायला ती बंगल्यापर्यंत आली. लोणच्याची बरणी मी आणली तेव्हापासून बंगल्यावरच होती. ती तिने उचलली आणि चालायला लागली. सरळ रतनबाईच्या चुलीशी जाऊन बसली. मी ओसरीवर. आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. रतनबाईला हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

अंबिकेने तिथे चहा घेतला, भाकरी खाल्ली. मासे ती खात नाही. तसं तिने सांगितलं, आणि रतनबाई म्हणाली, "नगा खाऊ, वैनी. चटनी हाय की." एवढंच. इतकं सोपं.

बाहेर आल्यावर तिने मला तळ्याकाठी नेलं.

"तुम्ही आतली खोली पाहिली आहे?"

"नाही."

"बनुबाई कुठे झोपतात ते?"

"ऐकून आहे."

"त्यांना धड दिसत नाही. परवा तहान लागली म्हणून पुढच्या खोलीतल्या माठातलं पाणी घेतलं. त्यांच्याच घरात. रतनबाईंनी माठ घासून पुन्हा भरला, कारण मास्तरांचा नेम आहे. म्हातारी मला विचारत होती, माझ्या हाताला काय झालंय का हो?"

मी म्हणालो, नियमाचा हेतू तसा नव्हता.

ती म्हणाली, "माझी आजी पण म्हणायची, हेतू तसा नाही." आणि पुढे, "दशम्या करून देते मी. मला वाटायचं वाटेत खाता. इथे पोचल्यावर खाता हे माहीत नव्हतं."

आयुष्यात मी किती सभा गाजवल्या, आणि या एका बाईपुढे पायाखालची माती उकरत उभा राहिलो. शेवटी म्हणालो, नियम काढू. पण शनिवारी साहेब येणार आहेत. आडनावावरून ते आपल्यातलेच वाटतात. त्यांना स्वच्छता दिसू दे, पट्टा हातात येऊ दे, मग काढू.

ती रात्री रतनबाईकडे राहिली. मी बंगल्यावर. खोली एकाच माणसापुरती मोकळी आहे, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरं नव्हतं.

रविवार, ६ फेब्रुवारी.

काल साहेब आले. जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो, सारवासारव न करता.

त्यांनी पाहुणघरं पाहिली. चुना, ताटं, माठ. "छान आहे. पण माणसं कुठं आहेत?" मी थंडीचं कारण सांगितलं. ते पलीकडच्या काठाकडे बघत होते. तिथे माणसांना थंडी वाजत नव्हती. मग हात चोळत म्हणाले, "बरं, जेवायला काय? मागल्या महिन्यात मित्रांबरोबर आलो होतो, तिकडे राहुटीत मरळीचं कालवण खाल्लं. अजून जिभेवर आहे. ती बाई याच गावची म्हणे?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वांग्याची भाजी शिजत होती, तिचा वास येत होता.

रतनबाईने मला विचारलं नाही. ती बन्सीला म्हणाली, "होडी काढा." दोघं गेली. परत आली तेव्हा होडीत भीमाबाई बसली होती, मांडीवर आपलं कालथा-पातेलं घेऊन. माझ्या अंगावरून गेली, पण मी तिथे नव्हतोच जणू. जिचं नाव मी सोसायटीतून काढलं, तिने आपल्या घरात चूल पेटवली. तासाभरात वाडीचा वासच बदलला. किती दिवसांनी पोरंटोरं मोठ्याने बोलत होती.

साहेब जेवले. दोनदा मागून घेतलं. ओट्यावर हात पुसत, सगळ्यांसमोर, सहज म्हणाले, "गंधे, तुम्ही इथं नेहमी येता. कुणाकडं उतरता?"

मी म्हणालो, "रतनबाईंकडे."

तोंडातून निघून गेलं. साहेबांनी हसून रतनबाईकडे पाहिलं. "काय हो? मास्तरांचा त्रास होत नाही ना?"

सगळी वाडी ऐकत होती. एक शब्द बोलली असती तर मी संपलो असतो. पण मी एकटा संपलो नसतो, हे तिला माझ्या आधी कळलं. ती म्हणाली, "न्हाई, सायेब. लई साधं मानूस. घरच्यावानी ऱ्हात्यात."

"मग झालं. तुमच्यासारखा माणूस राहतो तिथं बाकीचेही राहतील. आणि या जेवणासाठी तर तरंगत येतील. पट्टा सोसायटीला द्यायला हरकत नाही. सभासदांच्या घरांपुरता." मग भीमाबाईकडे वळून, "या बाई सभासद असतीलच?"

बन्सी म्हणाला, "व्हय, सायेब. तर."

माझ्या एका खोट्यावर त्याला दुसरं रचावं लागलं. वाडी वाचली ती अशी. भीमाबाईच्या मरळीवर आणि आमच्या लबाडीवर. माझ्या भाषणांतला एक शब्दही उपयोगी पडला नाही. उलट, तेच आड येत होते.

साहेब भीमाबाईच्या ओसरीवर आडवे झाले. मला बंगल्यावर जाणं शक्य नव्हतं. रतनबाईच्या पुढच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकलं. तिने वेगळ्या ताटात भाकरी-पिठलं आणलं, वेगळ्या माठातलं पाणी.

मी म्हणालो, "रतनबाई, तुमच्या माठातलं द्या."

"का?"

माझ्याकडची सगळी उत्तरं मोठी होती.

"सायेब निजलं," ती म्हणाली. रागाने नाही, दमलेल्या आवाजात. "आता कुनाला दावायचंय?"

पेला ठेवून आत गेली. मी ते पाणी प्यालो. मागे छपरात बनुबाई खोकत होती, आणि मी तिच्या जागेवर निजलो होतो. उठावं, तिला आत बोलवावं, असं मनात आलं. उठलो नाही. तेही भाषणच झालं असतं असं मी तेव्हा स्वतःला म्हणालो. आज वाटतं, नुसता आळस होता, आणि लाज.

गुरुवार, १० फेब्रुवारी. नगर.

सभासदांच्या घरांपुरता पट्टा. म्हणजे भीमाबाईचं घर बाहेर. आपल्या तोंडानं ज्या बाईला काढलं, तिच्या हातावर बाकीची घरं वाचली, आणि उठायची वेळ आली तर एकट्या तिनेच उठायचं. ठराव रद्द करायला सभा लागेल. बन्सीचा निरोप आला, रविवारी सभा आहे. मला 'या' असं त्यात नव्हतं. 'सभा हाय' एवढंच.

काय बोलायचं ते लिहून काढायला बसलो. चार पानं झाली. वाचून पाहिलं तर फार चांगलं उतरलं होतं. तिसऱ्या पानावर तर माझेच डोळे भरून आले. फाडून बंबात टाकलं.

रविवार, १३ फेब्रुवारी. पिंपळदरा.

सकाळी आधी भीमाबाईकडे गेलो. ती दारात मासे साफ करत बसली होती. मान वर केली नाही.

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"सभेत म्हनला हुता," ती म्हणाली. "सभेत म्हना." मग, "त्याबिगर म्या न्हाई यायची परत. घर जातंय तर जाऊ द्या."

दुपारी मारुतीच्या पारावर सभा भरली. मी बोलायला उठलो तसा बन्सी म्हणाला, "मास्तर, आज भाशन नगं. आमीच बोलतो." आणि ते बोलले. पाहुण्यांच्या माठाचा नियम गेला, भांड्यांचा गेला, माशांचा गेला. बनुबाईची बाज पुढच्या खोलीत यायची, पाहुणे बाजूच्या पडवीत. बायका बायकांतच कोण कोणत्या वारी रांधणार ते ठरवत होत्या. कुणी कुणाचं पूर्ण ऐकून घेत नव्हतं, तरी कामं होत होती.

भीमाबाईचं नाव निघालं. ती सगळ्यांत मागे, पाराच्या टोकाला बसली होती. मी बन्सीला म्हणालो, मला एकच वाक्य बोलायचं आहे.

"येकच? मग बोला," तो म्हणाला. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

मी उभा राहिलो. नगरच्या मैदानावर मी कर्ण्याशिवाय बोललो आहे, शेवटच्या माणसापर्यंत. आज घशातून जे निघालं ते पुढच्या रांगेला कसंबसं पोचलं असेल. "भीमाबाई, माझं चुकलं." म्हणालो आणि थांबलो. सगळे पुढच्या शब्दांची वाट पाहत होते. पुढे काही नव्हतं. मी बसलो.

मागून भीमाबाईचा आवाज आला. "आयकाया न्हाई आलं."

लोक वळून तिच्याकडे बघायला लागले, मग माझ्याकडे. रतनबाईने पदर तोंडाला लावला होता. माझे कान तापले होते. मी पुन्हा उठलो.

"भीमाबाई, तुम्हाला जे बोललो ते चुकलं."

"आलं," ती म्हणाली. "बसा खाली."

मी बसलो.